थोडी खरखर राहू द्या

पहाटे ५.१०
ताई आधी फ्रिज बंद करतात. मग पंखा. मग पुढच्या खोलीतल्या झेरॉक्स मशीनचा प्लग काढतात. मोबाईल स्वयंपाकघरातल्या फडताळात जातो, कारण तो रेंज शोधायला लागला की त्याची टरटर तारांतून आत शिरते. आता घरात आवाज करणारं काही उरलं नाही.

नगरच्या चितळे रोडवरून आत गेलेल्या एका बोळात ही दोन खोल्यांची जागा आहे. पुढच्या खोलीत झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म. मागच्या खोलीत तबकड्या. ताईंचे वडील रेडिओ आणि फोनो दुरुस्त करायचे. डाख द्यायचा कैया हातात धरायला ताई त्यांच्याकडून शिकल्या. कॉम्प्युटर नंतर आपल्या आपण शिकल्या. आता लोकांच्या माळ्यावरून उतरलेल्या ७८ च्या तबकड्या धुवायच्या, वाजवायच्या, कॉम्प्युटरमध्ये घ्यायच्या आणि साफ करून द्यायच्या, हे काम करतात. एका बाजूचे दीडशे रुपये.

या घटकेला बोळातून टेम्पो जात नाहीत. वाजवण्याचं काम म्हणूनच पहाटेचं. जिन्यावरून कुणी उतरलं तरी सुईला ते पाऊल ऐकू येतं.

५.२५
फिरत्या थाळीवर ताई कागदाची एक गोल चकती ठेवतात. कडेला ७७ काळ्या रेघा आहेत. वर चोकची जुनी ट्यूब. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. डोळ्याला ते कळत नाही, पण रेघांना कळतं. थाळी मिनिटाला ७८ च्या आसपास फिरली की रेघा जागच्या जागी उभ्या राहतात. वेग जास्त झाला तर पुढं सरकतात, कमी झाला तर मागं. एलईडीखाली हे जमेलच असं नाही. म्हणून सगळं घर एलईडीवर गेलं, ही एक ट्यूब मात्र राहिली. चोक गेला होता. नवा दीडशेला बसला.

रेघा उभ्या राहतात. ताई ट्यूब बंद करून टॉर्च लावतात, कारण चोकही गुणगुणतो.

५.४०
संगमनेरहून एक निवृत्त मास्तर पत्र्याची ट्रंक घेऊन एसटीनं आले होते. दोन गोधड्यांच्या मध्ये चौदा तबकड्या. मास्तरांच्या वडिलांनी घेतलेल्या. तिकडं जवळच पवळाचं हिवरगाव पावसा, पठ्ठे बापूरावांच्या तमाशाच्या फडात नाचलेली ती पवळा. तमाशाच्या मुलखातला माणूस, पण नाद नाट्यसंगीताचा. ट्रंकेत ‘सौभद्र’ निघालं, ‘संशयकल्लोळ’ निघालं, आणि एक शाहू मोडकांची. शाहू मोडक, सिनेमातले नट, नगरचे. १९१८ चा इथलाच जन्म. ती तबकडी ताईंनी आधी बाजूला काढली आणि मग बाकीच्या मोजल्या.

चौदांतल्या तीन फुटलेल्या होत्या. अकरा वाजतील. म्हणजे बावीस बाजू.

पहिली तबकडी थाळीवर येते. हातात जड लागते, पण काचेसारखी फुटते. ही प्लास्टिकची नव्हे, लाखेची. लाख, दगडाची बारीक पूड आणि काजळी. चावीच्या फोनोचं डोकं तिच्यावर शंभर ग्रॅमच्या वर भार टाकायचं आणि पोलादी सुई खाच घासत जायची. सुई प्रत्येक वेळी बदलायची असा नियम होता. दोनशे सुयांची डबी मिळायची. काटकसरीच्या घरात एकच सुई महिनाभर चालायची, आणि ते आज तबकडीवर दिसतं. गाण्याचा जो भाग लोकांना आवडायचा तिथं खाच पांढुरकी पडली आहे.

ताईंच्या सुईचा भार पाच ग्रॅम. ही सुई ७८ साठीची, एलपीच्या सुईहून जवळजवळ तिप्पट रुंद. परदेशातून मागवावी लागते. चार हजार दोनशे. सगळ्या कामात महाग वस्तू हीच. ताई तिला बोट लावत नाहीत, रंगाच्या मऊ कुंचल्यानं मागून पुढं एकदा झटकतात.

सुई टेकते. खरखर सुरू होते आणि तिच्यातून ऑर्गनचा सूर वर येतो. सव्वातीन मिनिटं ताई श्वास जपून घेतात. दहा इंची तबकडीत त्याहून फारसं मावत नाही. रंगभूमीवर वन्समोअर घेत घेत एकेक पद रात्र खायचं. ते इथं सव्वातीन मिनिटांत बसवलेलं. गाणाऱ्याची घाई कळते. शेवटची तान जरा ढकलूनच संपवलेली आहे.

७.०५
नळाला पाणी आलं. मुळा धरणाचं पाणी, रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी सगळा बोळ एकदम मोटारी चालू करतो. प्रत्येक मोटारीच्या खटक्याबरोबर रेकॉर्डिंगमध्ये एक ‘टप’ उमटतो. ताई सुई उचलतात. नऊ बाजू झाल्या. आजचं वाजवणं संपलं. हंडे भरायचे आहेत.

९.३०
शटर वर जातं. सातबाराची झेरॉक्स, आधारची झेरॉक्स, एका मुलीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म. एक पान दोन रुपये, फॉर्म पन्नास. तबकड्यांचं काम कधी महिनाभर येत नाही. विजेचं बिल झेरॉक्स भरते.

कॉम्प्युटर मात्र दोन्ही कामांना एकच. फॉर्मच्या खिडकीमागं सकाळच्या गाण्याचा निळा आलेख उघडा असतो. गिऱ्हाईक गेलं की ताई तिकडं वळतात.

१०.४०
‘संशयकल्लोळ’ची एक तबकडी तडकलेली आहे. तडा काठापासून निघून लेबलपर्यंत गेला आहे. तुकडे वेगळे झालेले नाहीत, म्हणून वाजली. पण प्रत्येक फेऱ्याला सुई तड्यावरून उडी मारते. ठक. मिनिटाला ७८ ठक. तीन मिनिटांच्या गाण्यात दोनशे चौतीस.

हे ठोके एका झटक्यात काढणारी सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे. ताईंनी ती वापरून दाखवली. ठोके गेले, पण त्यांच्याबरोबर तबल्याची चाटही गेली. मशीनला दोन्ही सारखेच. दोन्ही एकदम वर चढतात आणि एकदम खाली येतात. म्हणून ठोके हातानं काढायचे. आलेख मोठा करायचा. उभी टोकदार रेघ शोधायची. एका सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा तुकडा निवडायचा. दुरुस्त करायचा. ऐकायचं. पुढं सरकायचं.

एकाला दहा सेकंद धरली तरी चाळीस मिनिटं होतात. मध्ये झेरॉक्सला माणसं येतात, म्हणून दोन तास लागतात. या बाजूचे ताई दोनशे रुपये जास्त लावतात.

मी शेजारच्या स्टुलावर बसून पाहतो आहे. शंभराव्या ठोक्याच्या आसपास माझं लक्ष उडालं. ताईंचं उडालं नव्हतं. एकशे साठाव्याच्या सुमारास त्या म्हणाल्या, “हा तडा नाही बरं का. हा तबलाच आहे.” आणि सोडून दिला.

१.१५
भाकरी, पिठलं, कांदा. जेवताना ताई ‘संशयकल्लोळ’ची गोष्ट सांगतात. ती सांगायला त्यांना आवडतं.

गोविंद बल्लाळ देवलांनी हे आधी गद्य लिहिलं होतं, १८९३ च्या सुमारास, फाल्गुनराव आणि तसबिरीच्या घोटाळ्याचं. मूळ गोष्ट फ्रान्सच्या मोलिएरची. इंग्रजीतून फिरून इकडं आली. रेवतीला घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो, ते नेमकं त्याच्या बायकोला, कृत्तिकेला दिसतं. रेवतीच्या हातून तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची तसबीर पडते. ती कृत्तिका उचलते, आणि हे नेमकं फाल्गुनरावाला दिसतं. झालं. चौघंही एकमेकांवर संशय घेत फिरतात. देवलांनी पुढं त्यात पदं घातली आणि गंधर्व नाटक मंडळीनं ते संगीत नाटक म्हणून १९१६ मध्ये रंगभूमीवर आणलं. देवल त्याच वर्षी, प्रयोगाआधीच वारले. गणपतराव बोडस फाल्गुनराव, बालगंधर्व रेवती.

“लोक आधी नाट्यसंगीत म्हणतात आणि गंभीर तोंड करतात,” ताई म्हणतात. “अहो, हसायचं नाटक आहे ते.”

‘सौभद्र’चंही तसंच. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ मध्ये पुण्यात त्याचे पहिले तीन अंक केले. अर्जुन खोटा संन्यासी होऊन बसतो, बलराम त्याच्याच पाया पडतो, आणि कृष्ण सगळं ठाऊक असून साळसूदपणे बघत राहतो. शंभरावर पदं, पण गोष्ट सगळी गमतीची. त्यात गाजलेले भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले. ग्रामोफोन कंपनीचा गेसबर्ग मुद्रणाची यंत्रं घेऊन कलकत्त्यात उतरला तो १९०२ च्या अखेरीस. पावणेदोन वर्षांचं अंतर. भाऊरावांच्या गळ्यावर महाराष्ट्र वेडा झाला होता असं सगळे लिहून गेले. तो गळा एकाही तबकडीत नाही. ताई हे सांगताना भाकरी मोडायची थांबतात.

२.१०
आता मुख्य काम.

ठोके निघाले तरी खरखर राहतेच. पत्र्यावरच्या पावसासारखी अखंड. तीही सॉफ्टवेअर काढतं. गाणं सुरू होण्याआधीची नुसत्या खरखरीची दोन सेकंदं त्याला ऐकवायची. ‘हे नको’ असं सांगायचं. मग ते सगळ्या गाण्यातून तेवढंच उचलतं.

किती उचलायचं त्याची एक सरकपट्टी आहे. ताई ती आधी मुद्दाम टोकाला नेतात. खोली एकदम स्वच्छ होते. गाणारा पाण्याखालून गातो आहे असं वाटतं. स्वर सगळे आहेत, शब्द बोथट झाले आहेत. ‘स’, ‘श’, ‘च’, ‘छ’ यांचा जो सुस्कारा असतो तो खरखरीच्याच पट्टीत राहतो. खरखर गेली की तोही जातो.

दुःखाच्या गाण्यात हे चालून जाईल. नुसता आलाप असेल तर कळणारही नाही. पण इथं एक बाई आपल्या प्रियकराला टोमणा मारते आहे. टोमणा धारेवर असतो. धार गेली की उरतं ते सुरेल गाणं, आणि त्याला कुणी हसत नाही.

ताई सरकपट्टी मागं आणतात. अर्ध्यावर. त्याहून मागं. डोळे मिटून ऐकतात. मग हेडफोन माझ्या कानाला लावतात. खरखर परत आली आहे, आणि तिच्या पुढ्यात बाई उभी आहे. तिचा ‘च’ टाळूवर आपटतो आहे. मला हसू आलं.

“बस. इथंच,” ताई म्हणतात. “थोडी खरखर राहू द्या.”

हे मात्र १९२५ नंतर मायक्रोफोन आला त्या पुढच्या तबकड्यांना लागू. त्याआधी गायक पत्र्याच्या भोंग्यासमोर उभा राहून ओरडून गायचा आणि त्याच्या आवाजाच्या धक्क्यानंच मेणावर खाच उमटायची. त्या तबकड्यांत ‘स’ मुळात उतरलेलाच नाही. तिथं आपला कानच तो भरून काढतो. तसल्या तबकड्या ताई जवळजवळ हात न लावता देतात.

गिऱ्हाईकं कधीकधी नाराज होतात. मोबाईलवरच्या नव्या गाण्यासारखं का नाही, विचारतात. ताई दोन्ही फाईली देतात, एक धुवून काढलेली आणि एक अर्धवट. पैसे एकीचेच. महिन्यानं विचारलं की लोक दुसरीच ऐकत असतात.

४.१५
पुढं गर्दी नाही. उद्याच्या तबकड्या धुवायच्या.

प्लॅस्टिकचा टब, डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, लहान मुलाचा दात घासायचा ब्रश. बॅटरीत घालायचं तेच पाणी. नळाच्या पाण्यात क्षार असतात, ते खाचेत पांढरे वाळतात. लेबलवर ताई जुन्या स्टीलच्या डब्याचं झाकण दाबून धरतात, कागद भिजू नये म्हणून.

स्पिरिट चुकूनही नाही. प्लॅस्टिकच्या एलपीला स्पिरिट चालतं हे वाचून लोक लाखेच्या तबकडीवर फिरवतात. लाख त्यात विरघळते. ताईंकडं अशी एक तबकडी आहे, मधला भाग आरशासारखा गुळगुळीत. त्यात आता काहीच नाही. नवीन माणूस काम विचारायला आला की आधी ती त्याच्या हातात देतात.

ब्रश खाचेच्या दिशेनं फिरतो, आडवा नाही. पाणी चहासारखं होतं. माळ्यावरची धूळ, धूर, कुणाच्या तरी घरातलं तेल. एका तबकडीला दहा मिनिटं. मग मऊ कपड्यानं टिपायची आणि ताटाळ्यात उभी करायची, साध्या स्टीलच्या भांड्यांच्या ताटाळ्यात. रात्रभर वाळेल. ताईंची कंबर धरते. स्टुलावर बसून ब्रश नीट फिरत नाही, म्हणून हे काम उभ्यानंच.

६.४५
शटर अर्धं खाली. माणसं येऊ लागतात. एक निवृत्त एसटी कंडक्टर. बोळाच्या तोंडाशी दुकान असलेले शिंपीकाका. गाणं शिकणारी एक कॉलेजातली मुलगी. आणि भजनाला पेटीची साथ करणारे एक बुवा. साफ झालेलं गाणं बाहेर देण्याआधी ताई या चौघांना ऐकवतात. चहा ताईंचा, शेवचिवडा शिंपीकाकांचा.

दोन स्पीकर, वडिलांच्या काळातला एक ॲम्प्लिफायर. कंडक्टरसाहेब एसटीत असताना कामगारांच्या हौशी नाटकांत उतरायचे. ‘संशयकल्लोळ’मध्ये फाल्गुनरावाचा नोकर भादव्या केलेला. आजही सगळं पाठ.

आणि इथं एक गोष्ट घडते ती कुठल्याही तबकडीत नाही. तबकडीत फक्त पद असतं. पदाच्या आधीचं गद्य, ती बोलाचाली, तो गोंधळ, सगळं गळालेलं. तीन मिनिटांत मावणार कसं? ताईंनी माऊसवर बोट ठेवलं की कंडक्टरसाहेब उभे राहतात. पदाच्या आधीचा प्रवेश बोलायला लागतात. फाल्गुनराव तेच, भादव्या तेच, आवाज बदलून कृत्तिकाही तेच. शिंपीकाका हसून हसून खोकतात. मुलीनं हे नाटक पाहिलेलं नाही. ती तोंडावर हात धरून ऐकते. प्रवेश पदाशी येऊन थांबतो, कंडक्टरसाहेब हातानं खूण करतात, ताई बटण दाबतात.

खरखर. ऑर्गन. आणि ती बाई टोमणा मारते.

चौघंही एकाच जागी हसतात. त्याच ‘च’वर.

पुन्हा लावतात. पुन्हा हसतात. मुलगी आता शब्द लिहून घेते आहे. तिच्या क्लासमध्ये हेच पद शिकवलं होतं, स्वर आणि ताना पाठ आहेत. त्यात थट्टा आहे हे तिला आज कळलं. ती ते पद लगेच गाऊन बघते, टोमण्यासकट. बुवा मान हलवतात. चांगली मान.

मग ‘सौभद्र’. रुसलेल्या रुक्मिणीची कृष्ण समजूत काढतो ते पद. इथं कंडक्टरसाहेबांना गद्य आठवत नाही. शिंपीकाकांना आठवतं. त्यांनी कधी काम केलेलं नाही, पण गणेशोत्सवात नाटकांचे कपडे शिवता शिवता तालमी ऐकल्या आहेत. ते बसल्या जागेवरून बोलतात, तोंडात टाचणी धरल्यासारखे ओठ आवळून.

८.२०
बुवांनी पेटी आणलेली आहे. ते ‘सौभद्र’ची तबकडी पुन्हा लावायला सांगतात. भाता हलवतात. काळी दोन धरतात. जुळत नाही. पांढरी तीन. तीही नाही. सूर दोन्हींच्या मध्ये कुठंतरी लोंबकळतो.

“ताई, ही जोरात पळते आहे.”

सुरुवातीच्या काळात ७८ हा आकडा सगळीकडं सारखा नव्हता. मुद्रणाचं यंत्र कधी ७४ नं फिरायचं, कधी ८० नं. आपण सगळ्या ७८ नं वाजवतो. साडेत्र्याहत्तरची तबकडी ७८ नं वाजवली की गाणारा एक अख्खी पट्टी वर चढतो आणि आवाज चिरका होतो. तेवढ्यावरून लोक म्हणतात, त्या काळी गळे बारीकच असायचे.

ताई वेग कमी करतात. बुवा मान हलवतात. ही मान वेगळी. अजून कमी. ७७. साडेशहात्तर. पेटीची काळी दोन आणि ऑर्गनचा सूर एकमेकांत बसतात. कृष्णाचा आवाज खाली उतरतो, जाड होतो, आणि त्याची लाडीगोडी जास्तच लबाड वाटायला लागते. शिंपीकाका म्हणतात, “हा खरा.”

म्हणजे ही बाजू उद्या पहाटे पुन्हा घ्यायची. कॉम्प्युटरवर वेग बदलता येतो, पण ताईंना तबकडीच त्या वेगानं फिरवायची आहे. त्यामागची बाजूही त्याच वेगाची असणार, तीही पुन्हा. त्याचे पैसे लावायचे नाहीत.

८.५०
माणसं गेली. ताई वहीत लिहितात. झेरॉक्सचे ६४०, फॉर्मचे ३५०. मास्तरांचं बिल बावीस बाजूंचे ३,३०० आणि तड्याचे २००, एकूण ३,५००. त्यातून डिस्टिल्ड वॉटर, पेन ड्राइव्ह आणि नवी कागदी पाकिटं. सुईसाठी दर कामातून तीनशे बाजूला पडतात.

‘सौभद्र’च्या पाकिटावर पेन्सिलीनं ७६.५ लिहितात. फडताळातून मोबाईल काढून मास्तरांना फोन लावतात.

“मास्तर, अजून दोन दिवस लागतील.”

पलीकडून मास्तर सांगतात, आईचं वय अठ्ठ्याऐंशी, ती रोज विचारते. झालेलं काही आज पाठवता येईल का? नातीच्या मोबाईलवर?

येईल. टोमण्याचं पद आहे, शाहू मोडकांची तबकडी आहे. ताई कॉम्प्युटर पुन्हा चालू करतात, खुर्ची ओढतात. मास्तर विचारतात, आवाज स्वच्छ आलाय ना?

“शब्द ऐकू येतील,” ताई सांगतात. “आईंना म्हणावं, हेडफोन नको. सगळ्यांनी बसून ऐका.”